गच्चीवरचं वॉटर सॉफ्टनर रिकामं करून हलवायचं आहे – क्रम काय ठेवावा?

गच्चीकर

जाणकारांची मदत हवी आहे. मांडणी अशी: रो हाऊस, तळमजला अधिक दोन मजले, पुण्याच्या बाहेर. पाणी बोअर आणि टँकरचं, हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा) ५५० ते ६०० पीपीएम. गच्चीवर १० बाय ५४ इंची एफआरपी (फायबरग्लासची) व्हेसल, आत ४० लिटर रेझिन (जडपणा धरून ठेवणारे दाणे), वर हाताने फिरवायचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, शेजारी १०० लिटरची मिठाची टाकी. ओव्हरहेड टाकीतून प्रेशर पंप, पंपातून सॉफ्टनर, तिथून लाइन खाली बाथरूम्सना. सॉफ्टनरला तीन कॉकचा बायपास आहे.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं आहे, त्यामुळे सगळं उचलून जिन्याच्या शेडखाली न्यायचं आहे. ते झालं की घर चार महिने बंद.

व्हेसलला खाली ड्रेनचं तोंडच नाही. इनलेट बंद करून तळमजल्यावरचा नळ सोडून ठेवला तर आपोआप रिकामी होईल ना? मिठाच्या टाकीतलं पाणी कुंड्यांना चालेल का? आणि चार महिने कोरडं ठेवायचं की भरलेलं?

पाना१४

इनलेट बंद करून खालचा नळ सोडणे हा प्रकार अजिबात करू नका. बाकीचं नंतर, आधी हे.

एफआरपी व्हेसल आतून बाहेर दाब सोसायला बनवलेली असते, बाहेरून आत नाही. १० बारचा दाब ती सहज घेते, पण व्हॅक्यूमची मर्यादा बहुतेक व्हेसलवर ५ इंच पारा, म्हणजे १२७ मिलिमीटर पारा, एवढीच छापलेली असते. पाण्याच्या उंचीत मोजलं तर जेमतेम पावणेदोन मीटर. तुमचं सॉफ्टनर गच्चीवर, नळ तळमजल्यावर, मधे निदान आठ-नऊ मीटर पाण्याचा खांब. वरून हवा यायला जागा नाही आणि खालून तो खांब ओढतोय. आतलं प्लास्टिकचं अस्तर बाहेरच्या फायबरपासून सुटतं. बाहेरून काही दिसत नाही, पुन्हा प्रेशर दिलं की काही दिवसांनी भिंतीतून पाझर सुरू होतो. त्यावर दुरुस्ती नाही, नवी व्हेसल घ्यावी लागते.

हाच धोका रोजच्या वापरातही आहे. ओव्हरहेड टाकी धुताना कुणीतरी सॉफ्टनरच्या आधीचा कॉक बंद करतं आणि खाली कुणीतरी आंघोळ करत असतं. म्हणून सॉफ्टनर गच्चीवर असेल तर आउटलेटच्या लाइनला एक टी (तीन तोंडांचा जोड) काढून एअर व्हॉल्व्ह बसवून घ्या. तो मिळाला नाही तर त्या टीवर छोटा स्प्रिंगवाला एनआरव्ही (एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) अशा दिशेने लावा की हवा आत येईल पण पाणी बाहेर जाणार नाही. आता लाइन उघडणारच आहात, तर त्याच कामात करून टाका.

नळदमयंती

पाना१४ +१. त्यात भर: ड्रेनच्या पाइपचंही तेच. बॅकवॉशचा (उलट्या प्रवाहाने रेझिन धुतानाचा) पाइप गच्चीवरून थेट खालच्या चेंबरमध्ये सोडला असेल आणि मधे कुठे तुटक नसेल, तर इनलेट-आउटलेट बंद करून व्हॉल्व्ह बॅकवॉशवर फिरवला की तो पाइपही सायफन होऊन व्हेसल ओढतो. ड्रेनचा पाइप गच्चीच्या पातळीवरच एका मोठ्या पाइपच्या तोंडावर मोकळा सोडायचा. पाइपच्या व्यासाच्या दुप्पट तरी अंतर मधे उघडं पाहिजे. त्याचा दुसरा फायदा म्हणजे चेंबरमधली घाण उलटी सॉफ्टनरमध्ये ओढली जात नाही. आणि बॅकवॉशमध्ये रेझिन बाहेर पडतंय का ते डोळ्यांनी दिसतं, हा तिसरा.

तुरटी

मुळात हलवायचं नसतं तर रिकामं करायची गरज नव्हती, हे आधी नोंदवतो. पुष्कळ लोक 'सफाई' म्हणून दरवर्षी व्हेसल रिकामी करतात. व्हेसलची सफाई म्हणजे चांगला बॅकवॉश, बस. दरवर्षी रिकामी करायची ती मिठाची टाकी. व्हेसल उघडायची वेळ तीनच कामांसाठी येते: रेझिन बदलणे, आतली जाळी किंवा रायझर तुटणे, आणि हलवणे.

हलवण्याआधी एक पूर्ण रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजं करणं) करा आणि फास्ट रिन्स, म्हणजे शेवटचं साध्या पाण्याने धुणं, नेहमीपेक्षा पाचेक मिनिटं जास्त चालवा. रेझिनला धरून बसलेला कॅल्शियम, मॅग्नेशियम निघून जातो, मधली माती, गाळ धुतला जातो, आणि व्हेसलमध्ये उरतं ते साधं गोडं पाणी. ते गच्चीवर सांडलं तरी बिघडत नाही.

गच्चीकर

बरं झालं विचारलं. मग नेमका क्रम सांगा ना, पहिल्या कॉकपासून.

पाना१४

क्रम असा. रिजनरेशन आणि रिन्स झालं हे धरून चाललोय.

प्रेशर पंपाचा स्विच बंद आणि प्लग काढलेला. नुसता स्विच बंद ठेवला तर कुणीतरी नळ चालत नाही म्हणून चालू करतंच. मग सॉफ्टनरचा इनलेट आणि आउटलेट दोन्ही बंद, मधला बायपास उघडा. व्हेसल आता दोन्हीकडून सुटली, खालचे नळ ओव्हरहेड टाकीच्या पाण्यावर चालतील, हार्ड पाणी येईल एवढंच. घरात आरओ असेल तर तेवढ्या काळापुरता त्याचा इनलेट बंद करा, ६०० हार्डनेसचं पाणी मेम्ब्रेनला नको.

दाब सोडायला मल्टिपोर्टचं हँडल बॅकवॉशवर न्या. पंप बंद असल्याशिवाय ते हँडल फिरवू नका, आणि दाबून धरायचं हँडल असेल तर पूर्ण खाली दाबूनच फिरवा. दाबाखाली फिरवलं की आतलं आऱ्यांचं रबर गॅस्केट मुडपतं, मग सर्व्हिसमध्येही, म्हणजे रोजच्या वापराच्या स्थितीतही, ड्रेनला पाणी गळत राहतं. बॅकवॉशवर आल्यावर ड्रेनमधून फुस्स करून थोडं पाणी येईल आणि थांबेल. थांबलं नाही तर इनलेटचा कॉक पूर्ण बंद होत नाहीये. तसं असेल तर पुढे जाऊ नका, आधी ओव्हरहेड टाकीचा कॉक बंद करा.

आता तिन्ही युनियन (सुटे करता येणारे जोड) सोडा: इनलेट, आउटलेट, ड्रेन. मिठाच्या टाकीकडून येणारी बारीक नळी त्याच्या नटासकट काढा. युनियनमधले ओ-रिंग पिशवीत टाका, गच्चीवर पडले की सापडत नाहीत.

इथे अर्धा तास थांबा. बॅकवॉशमध्ये फुगलेलं रेझिन खाली नीट बसू द्या.

यानंतरचा भाग सगळ्यात जास्त बिघडतो. व्हेसलच्या मधोमध वरपासून तळापर्यंत एक पाइप असतो, रायझर. त्याच्या खालच्या टोकाला जाळी, वरचं टोक व्हॉल्व्हच्या पोटात ओ-रिंगमध्ये घट्ट बसलेलं. व्हॉल्व्ह डावीकडे फिरवून आटे सुटले की लोक तो सरळ वर उचलतात. ओ-रिंगची पकड घट्ट असते, रायझरही बरोबर दोन-तीन इंच वर येतो. तेवढ्यात खालची खडी आणि रेझिन त्याच्या खाली घसरतं. मग कितीही दाबा, तो जागेवर बसत नाही. सगळं रेझिन उपसून पुन्हा भरण्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून आटे सुटले की व्हॉल्व्ह फक्त एक इंच वर घ्या, थोडा तिरका करा, फटीतून लाकडी पट्टीने रायझर खाली दाबून धरा आणि व्हॉल्व्ह डावी-उजवीकडे हलवत ओ-रिंगमधून सोडवा. दोन माणसं हवीत, एकट्याने होत नाही.

व्हॉल्व्ह निघाला की लगेच रायझरच्या तोंडाला बूच किंवा चिकटपट्टी. रेझिनचे चार दाणे जरी आत पडले तरी नंतर ते थेट तुमच्या नळाच्या जाळीत येतील.

नळदमयंती

आता सायफन. यासाठी पंप, कॉम्प्रेसर काही लागत नाही.

रायझर साधारण २७ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा असतो, त्यात १० किंवा १२ मिलिमीटरची नळी आरामात जाते. निदान तीन मीटर नळी घ्या. ती आधी पाण्याने पूर्ण भरा, बाहेरच्या टोकाला अंगठा, दुसरं टोक बूच काढून रायझरमधून थेट तळापर्यंत. बाहेरचं टोक व्हेसलच्या बुडापेक्षा खाली आणा आणि अंगठा काढा. रेझिन येणार नाही, कारण पाणी तळाच्या जाळीतून गाळूनच रायझरमध्ये शिरतं. व्हेसलचं तोंड वर उघडं आहे, हवा येतेय, व्हॅक्यूमचा प्रश्न मिटला.

तुमच्या व्हेसलमध्ये पाणी किती निघेल? ४० लिटर रेझिनच्या वर साधारण २० लिटर मोकळं पाणी, आणि दाण्यांच्या फटींतलं आणखी १४-१५ लिटर. म्हणजे पस्तीसच्या आसपास. सुरुवातीला नळी जोरात चालते, पातळी रेझिनच्या खाली गेली की मंदावते. अर्धा तास धरा. व्हेसल विटांवर नसेल तर शेवटचे दोन-तीन लिटर राहतील, राहू द्या. ओला-सुका व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याची नळी रायझरच्या तोंडावर धरून तेही ओढता येतात. पण क्लीनर रेझिनच्या बाजूच्या मोठ्या तोंडात घालू नका, क्षणात दोन लिटर रेझिन गिळतो.

वजनाचं म्हणाल तर भरलेली व्हेसल ७५-८० किलो असते. सायफननंतर ४५ किलोच्या आत येते, दोघांना उचलता येते. उभीच न्या. जिन्यात थोडी कलली तर चालेल, आडवी मात्र नको. आडवी केली की रायझर सरकतो, तळाची खडी रेझिनमध्ये मिसळते.

तुरटी

आणि गाडीत घालून दुसऱ्या गावी न्यायची असेल तर उभी-आडवी हा विचारच सोडा. रेझिन झाकणाच्या बादल्यांमध्ये काढा, रिकामी व्हेसल वेगळी, रायझर वेगळा. रेझिन ओलं पाहिजे, एवढं लक्षात ठेवा.

शिकाऊ

मधेच विचारतो, रेझिन वाळलं तर नेमकं काय होतं? पुन्हा भिजवलं की झालं ना?

तुरटी

नाही, तिथेच घोळ आहे. रेझिनचे दाणे म्हणजे पॉलिस्टायरिनचे राजगिऱ्याएवढे सोनेरी गोळे, ०.३ ते १.२ मिलिमीटर. बाहेरून कोरडे दिसले तरी त्यांच्या वजनात ४५ ते ५० टक्के पाणीच असतं. ते पाणी उडालं की दाणा आकसतो. अशा दाण्यावर साधं पाणी पडलं की तो एकदम फुगतो आणि तडकतो. तडकलेल्या दाण्यांचा चुरा होतो, चुरा वरच्या जाळीत अडकतो, प्रेशर पडतं, काही भाग बॅकवॉशमध्ये वाहून जातो, आणि हळूहळू सॉफ्टनरची ताकद कमी होते.

चुकून वाळलंच तर साध्या पाण्यात टाकायचं नाही. आधी मिठाच्या संपृक्त पाण्यात, म्हणजे आणखी मीठ विरघळत नाही अशा पाण्यात, तासभर ठेवायचं. खारट पाण्यात दाणा सावकाश फुगतो. मग अर्धं पाणी काढून साधं घालायचं, पुन्हा थांबायचं, असं तीन-चार टप्प्यांत गोड्या पाण्यावर आणायचं.

गच्चीकर

म्हणजे चार महिने कोरडं ठेवायचं हा पर्याय बाद. साध्या पाण्यात भरून ठेवू का मग?

तुरटी

साध्या पाण्यात पंधरा-वीस दिवस चालतं. चार महिने, त्यात उन्हाळा, शेडखाली का होईना, गच्चीवर? झाकण उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास येईल. बंद साचलेल्या पाण्यात सल्फेटवर जगणारे जंतू वाढतात. बोअरच्या पाण्यात सल्फेट असतंच.

म्हणून मिठाच्या पाण्यात ठेवा. सायफन करून फटीतलं पाणी काढलंच आहे. व्हेसल नव्या जागी ठेवल्यावर १४ लिटर पाण्यात ५ किलो मीठ पूर्ण विरघळवा, सुमारे १६ लिटर द्रावण होईल. गाळ खाली बसू द्या आणि वरचं स्वच्छ पाणी व्हेसलच्या तोंडातून हळूहळू ओता. रायझरला बूच असू द्या. रेझिन जेमतेम बुडेल. त्यावर आणखी दोन-चार लिटर असेल तर उत्तम. तोंडावर प्लास्टिकचा दुहेरी कागद आणि दोरी, किंवा व्हॉल्व्हच परत हाताने बसवून ठेवा. त्या खारटपणात जंतू वाढत नाहीत आणि रेझिनही सोडियमच्या रूपात तयार राहतं. ऊन थेट पडू देऊ नका, फायबरला सूर्यप्रकाशाचं वावडं असतं.

शिकाऊ

मीठ कोणतं? घरचं आयोडीनवालं?

पाना१४

आयोडीनने रेझिनला काही होत नाही. बारीक मिठाची अडचण वेगळी आहे: ते टाकीत दगडासारखं बसतं. वर घट्ट कवच, खाली पोकळी, मधे पाणी. वरून टाकी मिठाने भरलेली दिसते पण ब्राइन (मिठाचं पाणी) अर्धवट खारट, आणि रिजनरेशन होऊनही पाणी हार्डच. टाकीत लाकडी दांडा घालून ठोकला की कळतं. जाडं मीठ वापरा. कोकणातल्या मिठागरांचं धुतलेलं नसलेलं मीठ स्वस्त मिळतं, पण त्यात चिखल असतो. तो टाकीच्या तळाशी आणि तिथून इंजेक्टरच्या (टाकीतलं ब्राइन ओढून घेणाऱ्या भागाच्या) भोकात जातो. ते भोक जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं असतं. रिफाइंड खडे किंवा सॉफ्टनरच्या गोळ्या महाग, पण वर्षाला एक इंजेक्टर कमी काढावा लागतो.

नळदमयंती

आता मिठाची टाकी, जी सगळे शेवटी ठेवतात आणि मग घाईत गच्चीवर उलटी करतात. ते मात्र कृपया करू नका.

संपृक्त ब्राइनच्या एका लिटरमध्ये ३१५-३२० ग्रॅम मीठ असतं. तुमच्या टाकीत ४० लिटर ब्राइन असेल तर ते १२-१३ किलो मीठ झालं. ते स्लॅबवर ओतलं, वर वॉटरप्रूफिंग उखडलेलं, म्हणजे क्लोराइड थेट काँक्रीटमध्ये. सळई गंजायला याहून चांगलं निमंत्रण नाही. गच्चीचं काम सुरू होण्याआधी टाकी रिकामी झालेली हवी.

कुंड्यांना तर मुळीच नाही. पातळ करूनही नाही. सोडियमने मातीची कणरचना मोडते, पाणी मुरत नाही, झाडं करपतात.

आणि तिसरी जागा, जी कुणी बोलत नाही: पावसाच्या पाण्याचा पुनर्भरण खड्डा. सोसायट्यांमध्ये सॉफ्टनरचा ड्रेन सर्रास त्यात जोडलेला असतो. ते मीठ तुमच्याच बोअरमध्ये उतरतं. सॉफ्टनर हार्डनेस काढतो, क्लोराइड काढत नाही, टीडीएसही (विरघळलेले एकूण क्षार) कमी करत नाही. दोन-तीन वर्षांत बोअरचं पाणी खारट लागतं आणि मग लोक टँकरवाल्याला दोष देतात.

योग्य जागा म्हणजे सांडपाण्याचा चेंबर, जो सार्वजनिक ड्रेनेजला जातो. त्यातही हळूहळू, बरोबर साधं पाणी सोडत. पाइप यूपीव्हीसीचा (प्लास्टिकचा), जीआय (लोखंडी) नको.

पाना१४

मुळात टाकीत टाकून द्यायला ब्राइन राहूच नये, अशी तयारी करता येते. हलवायचं ठरल्यावर नवं मीठ घालणं थांबवा. दोन-तीन रिजनरेशनमध्ये टाकी जवळपास संपते. उरलेलं स्वच्छ ब्राइन मगाने कॅनमध्ये काढा. तुरटी यांनी सांगितलेलं साठवणीचं द्रावण यातूनच होतं, वेगळं मीठ विकत घ्यायला नको. तळाचा चिखल फक्त चेंबरमध्ये.

टाकी रिकामी झाली की आतली उभी नळी बाहेर काढा. तिच्या तळाशी एअर चेक असतो, छोटा तरंगणारा गोळा. ब्राइन संपलं की तो बसून हवा ओढणं थांबवतो. त्यावर मिठाचा थर असतो, कोमट पाण्यात बुडवून ठेवा, चाकूने खरवडू नका. टाकीत किती पाणी भरायचं ते ठरवणाऱ्या फ्लोटचा दांडा वाकलेला नाही ना ते बघा. सगळा हिशेब त्या फ्लोटवर आहे: ४० लिटर रेझिनला १२० ग्रॅम प्रति लिटर धरलं तर ४.८ किलो मीठ, म्हणजे १५ लिटर ब्राइन, त्यासाठी टाकीत १३ लिटरच्या थोडं वर साधं पाणी यायला हवं. फ्लोट दोन इंच वर सरकला तर दर वेळी दोन-तीन किलो मीठ फुकट वाहतं.

उत्तरध्रुव

मिनेसोटामधून. इथे प्रश्न उलटा आहे. हिवाळ्यात केबिन बंद करतो, तापमान उणे २५ पर्यंत जातं, हीटिंग बंद. ऑटोमॅटिक हेडचा (वरचा व्हॉल्व्ह विजेवर आपोआप फिरणारा) सॉफ्टनर आहे. तो वरचा ब्राइन भरून ठेवायचा उपाय इथे पुरेल का?

तुरटी

नाही पुरणार. १० टक्के मिठाचं पाणी उणे साडेसहाला गोठतं, २० टक्क्यांचं उणे साडेसोळाला. सगळ्यात चांगलं प्रमाण म्हणजे २३ टक्के, तेही उणे २१ ला गोठतंच. शिवाय ब्राइन ओढल्यावर ते व्हेसलमधल्या पाण्यात मिसळून पातळ होतं, संपृक्त राहत नाही.

तुमच्याकडे सरळ मार्ग म्हणजे सायफन करून हलकी झालेली व्हेसल गरम राहणाऱ्या जागी नेणे. हेडही बरोबर न्या, त्याच्या पिस्टनभोवती आणि बायपासमध्ये पाणी अडकलेलं असतं, ते गोठून प्लास्टिक फाटतं. केबिनच्या पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ (गोठू न देणारं द्रव) घालत असाल तर सॉफ्टनर बायपासवर असल्याची खात्री करा. ते रेझिनमध्ये गेलं तर धुवून काढायला फार पाणी लागतं.

चुकून गोठलंच तर पूर्ण वितळून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पाणी सोडू नका. मग बादलीत मूठभर रेझिन काढून बघा. दाणे बोटात चुरडत असतील तर बदला.

नळदमयंती

उत्तरध्रुव, ऑटोमॅटिक हेडसाठी दाब सोडायची पद्धत: आधी बायपास, मग रिजनरेशनचं बटण दाबून हेड बॅकवॉशवर येऊ द्या, पाणी थांबेपर्यंत थांबा, परत सर्व्हिसवर येऊ द्या आणि मगच प्लग काढा. मधेच वीज तोडली तर पिस्टन अर्धवट जागी अडकून राहतो.

शिकाऊ

फ्लॅटच्या बाथरूममधले छोटे, ८ बाय १७ वाले, पाच-सहा लिटर रेझिनचे? त्यांनाही हेच सगळं?

पाना१४

तत्त्व तेच, व्याप कमी. दोन्ही कॉक बंद, दाब सोडा, व्हॉल्व्ह काढा, सायफन. सात-आठ किलो वजन, एकट्याने होतं. व्हॅक्यूमची काळजी तिथे फारशी नाही, कारण नळ त्याच पातळीला असतो.

गच्चीकर

सगळं नोंदवून घेतलं. परत सुरू करताना काय? चार महिन्यांनी थेट कॉक उघडायचे?

नळदमयंती

थेट उघडलं तर हवा आणि पाणी मिळून रेझिनला वर ढकलतं आणि ते वरच्या जाळीत जाऊन बसतं.

जोडण्याआधी व्हॉल्व्हच्या बुडातले दोन्ही ओ-रिंग बघा. सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिन, खोबरेल, मशीन ऑइल यातलं काही नाही, रबर फुगतं. रायझर मध्यभागी आहे ना, वरचं टोक व्हेसलच्या तोंडाशी समतल आहे ना ते बघा, बूच काढा (हे विसरतात!) आणि व्हॉल्व्ह सरळ दाबून हाताने आवळा. मोठा पाना लावू नका, आटे प्लास्टिकचे आहेत. इथे ओ-रिंग सील करतो, आटे नाहीत, त्यामुळे टेफ्लॉन टेपचीही गरज नाही.

व्हॉल्व्ह बॅकवॉशवर, आउटलेट बंद, पंप चालू, इनलेटचा कॉक चतुर्थांश उघडा. ड्रेनमधून आधी नुसती हवा येईल, मग खारट, गढूळ पाणी. हवा संपल्यावरच कॉक पूर्ण उघडा. १० इंची व्हेसलला बॅकवॉश मिनिटाला १० लिटरच्या आसपास हवा: दहा लिटरची बादली एक मिनिटात भरली पाहिजे. दोन मिनिटं लागली तर गाळ निघणार नाही, अर्ध्या मिनिटात भरली तर रेझिन बाहेर पडेल. पहिली बादली पांढऱ्या कापडातून गाळा. धूळ आणि चुरा ठीक, अख्खे दाणे सारखे येत असतील तर कॉक कमी करा.

तुरटी

बॅकवॉशनंतर वास येत असेल तर बिनवासाचं पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट (क्लोरीनचं ब्लीच), एक लिटर रेझिनला सव्वा मिलि. तुमच्या ४० लिटरला ५० मिलि. ते मिठाच्या टाकीतल्या उभ्या नळीत ओतून नेहमीचं रिजनरेशन चालवा. जास्त घालू नका, क्लोरीनने रेझिन मऊ पडतं. दुकानातलं हायपो बहुधा १० टक्क्यांचं असतं, मग निम्मंच.

वास नसला तरी एक पूर्ण रिजनरेशन कराच. रिन्सचं शेवटचं पाणी जिभेला खारट लागता कामा नये.

गच्चीकर

आणि पाणी सॉफ्ट झालं हे कशावरून? साबणाचा फेस बघून?

तुरटी

फेसावर जाऊ नका. थेंबांचं हार्डनेस किट घ्या. चाचणीच्या पाण्यात इंडिकेटर टाकल्यावर रंग निळा आला तर काम झालं. वाइनसारखा लालसर आला तर निळा होईपर्यंत थेंब मोजा. इनलेटचं पाणी पण त्याच दिवशी तपासा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, हार्डनेसची स्वीकार्य मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हाची ६०० आहे. टँकर बदलला की तुमचं पाणी ती ओलांडत असेल. ६०० ला ४० लिटर रेझिन, लिटरमागे ५० ग्रॅम क्षमता धरून, सव्वातीन हजार लिटरला पुरतं, ४०० ला पाच हजारला. रिजनरेशनचे दिवस त्यावर ठरवा.

पाना१४

नवीन जागी एक गोष्ट मात्र तपासा. गच्चीवर सोलर वॉटर हीटर असेल तर सॉफ्टनरच्या आउटलेटला एनआरव्ही आहे का? नसेल तर सोलरचं गरम पाणी उलटं येऊ शकतं. व्हेसलची मर्यादा ४९ अंश. बायपासच्या आतल्या बाजूला, आउटलेट कॉकच्या आधी बसवा. आधी सांगितलेला हवेचा टी त्याच्या आणि व्हेसलच्या मधे.

गच्चीकर

सोलर आहे, एनआरव्ही नाही. प्लंबरला दोन्हीचं सामान आणायला सांगितलं. पाऊण इंची लाइन आहे, पितळी घेऊ की प्लास्टिकचा?

पाना१४

पितळी, स्प्रिंगवाला. झडपेचा घेऊ नका, खाली वाहणाऱ्या उभ्या लाइनवर नीट बसत नाही.